यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स : ४,२०४ बळी आले कुठून?

फिरकीप्रेमी (धागाकर्ता)

इंग्लंडचा डावखुरा फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स याचं नाव आपल्याकडे निघतं ते दोन आकड्यांसाठी. एक, प्रथम श्रेणीतले ४,२०४ बळी. दुसरा, वयाच्या ५२ वर्षे १६५व्या दिवशी खेळलेली शेवटची कसोटी. आकडे सांगून झाले की विषय संपतो. हे बळी रोजच्या कामातून कसे जमा झाले, यावर इथे लिहू या.

आधी सांगाडा. जन्म २९ ऑक्टोबर १८७७, गाव हडर्सफील्डजवळचं किर्कहीटन. यॉर्कशायरचाच अष्टपैलू जॉर्ज हर्स्ट याच गावचा. ऱ्होड्सने सुरुवातीला मर्फील्डच्या रेल्वे इंजिन शेडमध्ये नोकरी केली, मग स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स क्लबात व्यावसायिक म्हणून दोन हंगाम काढले. १८९७ मध्ये यॉर्कशायरने बॉबी पीलला दारूपायी काढलं आणि डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा रिकामी झाली. १८९८ च्या मे महिन्यात लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध ऱ्होड्सला संधी मिळाली. काउंटी स्पर्धेतला (इंग्लंडमधल्या परगण्यांच्या संघांची स्पर्धा) त्याचा पहिला सामना बाथला, सॉमरसेटविरुद्ध. त्यात ४५ धावांत १३ बळी. त्या हंगामात १५४.

तिथून १९३० पर्यंत काउंटी एकच, यॉर्कशायर. १,११० सामने, जवळपास ४० हजार धावा, ५८ शतकं, ७५० च्या वर झेल. एका हंगामात हजार धावा आणि शंभर बळी अशी 'डबल' १६ वेळा, शंभर बळींचे हंगाम २३. त्याच्या काळात यॉर्कशायरने काउंटी स्पर्धा १२ वेळा जिंकली.

माझं म्हणणं असं की ही एक कारकीर्द नाही, तीन आहेत. १९०२-०३ पर्यंतचा गोलंदाज, महायुद्धाआधीचा सलामीचा फलंदाज आणि १९१९ नंतर पुन्हा गोलंदाज. मधली फलंदाजी जमली नसती तर तिसरी कारकीर्द सुरूच झाली नसती.

---

मिडऑफ

चांगला विषय. पण शंका आधीच मांडतो. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. इंग्लंडात पाऊस रोजचा. ओल्या खेळपट्टीवर कोणताही बरा डावखुरा फिरकी गोलंदाज ढिगाने बळी घेणार. मग ४,२०४ मध्ये ऱ्होड्सचे किती आणि पावसाचे किती?

---

रोलर

मिडऑफ, 'ओली खेळपट्टी' हा शब्दच घोटाळा करतो. ओलं होणं आणि 'स्टिकी' होणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

पाऊस नुकताच थांबलाय, माती पूर्ण भिजलीय, ऊन नाही. अशा वेळी चेंडू टप्पा पडल्यावर मंदावतो, मातीत रुततो, फिरतो तोही हळू. फलंदाजाला मागे जाऊन थांबून खेळता येतं. शिवाय चेंडू ओला, बोटांतून निसटतो. गोलंदाज भुशाच्या ढिगात हात आणि चेंडू कोरडे करत बसतो. वेगवान गोलंदाजाचा तर धावत येतानाच पाय घसरतो. या अवस्थेत गोलंदाजाला फारसं काही मिळत नाही.

खरी गंमत ऊन पडल्यावर. वरचा थर वाळू लागतो, खाली ओल राहते. वर पापुद्रा, खाली लोण्यासारखी माती. चेंडू पापुद्रा फोडून धरला जातो आणि एकदम उसळून वळतो. तीच 'स्टिकी'. ही अवस्था कधी तासभर टिकते, कधी दोन-तीन तास. पूर्ण वाळली की संपली.

म्हणजे गोलंदाजाला त्या तेवढ्या वेळात बळी उरकावे लागतात, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. चेंडू एवढा वळतोय म्हणून ते तो आणखी वळवायला जातात. मग चेंडू बॅटची कड चुकवून दर षटकात तीनदा निघून जातो. बघायला छान, पण बळी नाही. किंवा उसळी बघून टप्पा आखूड पडतो आणि फलंदाज सोडून देतो. स्टिकीवर टप्पा नेहमीपेक्षा थोडा पुढे, वळण बॅटच्या रुंदीपुरतं आणि दिशा मधल्या किंवा उजव्या यष्टीवर ठेवावी लागते, म्हणजे फलंदाजाला खेळावंच लागतं. ऱ्होड्स हे तासन्‌तास करू शकत असे.

उदाहरण म्हणून एजबॅस्टन, १९०२. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ३६. ऱ्होड्स : ११ षटकं, ३ निर्धाव, १७ धावा, ७ बळी. दुसऱ्या टोकाला हर्स्ट, १५ धावांत ३. नंतर पावसाने सामनाच धुऊन टाकला आणि तो अनिर्णित राहिला.

---

आकडेमोड

मिडऑफ यांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर देतो. सिडनी, डिसेंबर १९०३. कोरडी, टणक, फलंदाजांची खेळपट्टी. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ४८५, ट्रंपर नाबाद १८५. त्या डावात ऱ्होड्सने ४०.२ षटकांत १० निर्धाव टाकून ९४ धावांत ५ बळी घेतले. पाऊस नाही, स्टिकी नाही आणि समोर ट्रंपर भरात. षटकाला सव्वादोनच्या आसपास धावा. माझ्या मते हे पृथक्करण एजबॅस्टनच्या १७ धावांत ७ पेक्षा मोठं आहे.

पुढची मेलबर्न कसोटी मात्र पावसाचीच होती. तिथे त्याने १२४ धावांत १५ घेतले (५६ धावांत ७ आणि ६८ धावांत ८), तेही झेल सुटत असताना.

संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब घ्या. सुमारे १ लाख ८५ हजार चेंडू, सरासरी १६.७, ४४ चेंडूंना एक बळी, सहा चेंडूंच्या षटकाला सव्वादोन-अडीचच्या मध्ये धावा. १९०० साली २६१ बळी आणि १९०१ साली २५१. या दोन्ही हंगामांत प्रत्येकी दीड हजारांच्या वर षटकं. मे ते सप्टेंबरची सुरुवात, एवढ्या चार महिन्यांत.

आणखी एक तपशील. १८९८ आणि १८९९ या त्याच्या पहिल्या दोन हंगामांत इंग्लंडात षटक पाच चेंडूंचं होतं. सहाचं झालं १९०० पासून. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांची षटकं पुढच्यांशी थेट ताडून बघू नका, चेंडूंत बदला आणि मग बघा.

---

मिडऑफ

सिडनीचा मुद्दा मान्य. स्टिकीचं स्पष्टीकरणही पटलं. पण तो चेंडू नेमका टाकायचा कसा?

---

फिरकीप्रेमी

धाव अगदी आखूड, चार-पाच पावलं. हात उंच, शरीर आडवं वळलेलं. पहिल्या बोटाने दिलेली पारंपरिक डावखुरी फिरकी, यष्ट्यांच्या बाजूने (राउंड द विकेट). चेंडू उजव्या फलंदाजाकडे आत येताना दिसतो आणि टप्पा पडल्यावर बाहेर निघतो. बेदीला पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

त्याचं मुख्य हत्यार वळण नव्हतं, उंची होती. एकाच हालचालीतून चेंडू कधी थोडा वरून, कधी थोडा सपाट, कधी अर्धा हात आधी पडणारा. फलंदाजाला वाटतं पोहोचलो आणि चेंडू तिथे नसतो. मग कव्हरला झेल, मिडऑफला झेल, नाहीतर यष्टिचीत. सुरुवातीच्या वर्षांत मागे डेव्हिड हंटर आणि पुढे आर्थर डॉल्फिन असे उत्तम यष्टिरक्षक त्याला मिळाले.

सराव कसा केला हे किर्कहीटनच्या गोष्टीत नेहमी येतं. हिवाळ्यात छपराखाली चेंडूची एक बाजू खडूने रंगवायची आणि टाकत राहायचं. अर्धा पांढरा चेंडू हवेत फिरताना दिसतो, त्यावरून बोटांनी किती फिरक दिली ते कळतं. पट्टा स्वच्छ फिरताना दिसला तर शिवण सरळ आहे, पट्टा डगमगला तर मनगट कलंडलंय. आजही गोलंदाजीच्या शिबिरांत दोन रंगांचे चेंडू देतात, ते यासाठीच.

---

लेगबाय

पायचीतचा नियम विसरू नका. १९३५ पर्यंत चेंडूचा टप्पा यष्ट्यांच्या रेषेतच पडायला हवा होता. उजव्या यष्टीबाहेर पडून आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत नाही. फलंदाज तिथे बिनधास्त पॅड पुढे करत. १९३५ च्या बदलाचा मोठा फायदा ऑफस्पिनरांना झाला. ऱ्होड्सचा मुख्य चेंडू बाहेर जाणारा, त्यामुळे जुन्या नियमाने त्याचं फार अडलं नाही. सरळ राहणारा चेंडू रेषेत पडला तर पायचीत, एवढंच.

यष्ट्याही लहान होत्या. २७ इंच उंच आणि ८ इंच रुंद. २८ बाय ९ झाल्या १९३१ मध्ये, म्हणजे तो निवृत्त झाल्यावर. आणि १९०७ पर्यंत डाव कितीही लांबला तरी नवा चेंडू मिळत नसे. नंतर २०० धावांवर मिळू लागला. गुळगुळीत, मऊ झालेल्या चेंडूने दोनशे-तीनशे धावांपर्यंत टाकत राहणं हे फिरकी गोलंदाजाचं कामच होतं.

---

हुकलेला झेल

फलंदाजीकडे कोण बघणार? माणूस कसोटीत दहाव्या-अकराव्या क्रमांकावर सुरू झाला आणि इंग्लंडचा महान सलामीवीर जॅक हॉब्स याच्याबरोबर सलामीला आला. कसोटीत एक ते अकरा सगळ्या क्रमांकांवर खेळलाय.

१९०२, ओव्हल. २६३ हवे होते, ५ बाद ४८ वरून जेसपने १०४ काढले. शेवटचा फलंदाज ऱ्होड्स आला तेव्हा १५ बाकी होत्या. हर्स्ट नाबाद ५८, ऱ्होड्स नाबाद ६, एका गड्याने विजय. 'एकेरीतच काढू' हे प्रसिद्ध वाक्य कोणी बोललंच नव्हतं असं बहुतेकांचं मत आहे, तेव्हा ते इथे डकवू नये ही विनंती.

१९०३, सिडनी. दहाव्या गड्यासाठी आर. ई. फॉस्टरबरोबर १३० धावांची भागी, फॉस्टर २८७, ऱ्होड्स नाबाद ४०.

१९११-१२, मेलबर्न. पहिल्या गड्यासाठी हॉब्सबरोबर ३२३, ऱ्होड्स १७९. त्या मालिकेत त्याला एकही बळी नाही, कारण गोलंदाजी बार्न्स आणि फ्रँक फॉस्टरने उरकली. शेवटच्या गड्याच्या आणि पहिल्या गड्याच्या, दोन्ही मोठ्या भागीदाऱ्यांत एकच माणूस!

त्याच्या बॅटीत हॉब्सची नजाकत नव्हती. फटके मोजके, बचाव पक्का, आणि हॉब्सबरोबर चोरटी एकेरी. चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे हळू ढकलायचा आणि हाक न देता पळायचं. अशा धावांत चूक झाली की बहुतेकदा दुसऱ्या टोकाचा धावबाद होतो. या जोडीत ते क्वचित घडलं, कारण दोघेही चेंडू ढकलण्याआधीच वजन पुढच्या पायावर घेऊन तयार असत. पुढे १९२० च्या दशकात ऱ्होड्सने छाती गोलंदाजाकडे वळवून उभं राहणं धरलं. आत येणाऱ्या चेंडूला दोन्ही डोळे समोर राहतात, पण ऑफला ड्राइव्ह मारणं अवघड होतं. टीका झाली, त्याने सोडलं नाही.

---

आकडेमोड

आता तिसरी कारकीर्द. महायुद्धाआधी यॉर्कशायरची गोलंदाजी बूथ आणि ड्रेक यांच्यावर आली होती. मेजर बूथ (मेजर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे) १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत मारला गेला. अलोन्झो ड्रेक १९१९ च्या हंगामाआधीच वारला. काउंटीला गोलंदाज उरला नाही. एकेचाळिशीच्या ऱ्होड्सने चेंडू पुन्हा हातात घेतला : १९१९ मध्ये १६४ बळी, १९२० मध्ये १६१.

१९१९ चा हंगाम मुळातच विचित्र होता. काउंटी सामने दोन दिवसांचे केले होते. प्रयोग असा की दिवस लांबवायचा आणि संध्याकाळी उशिरापर्यंत खेळायचं. घडलं उलटं. खेळाडू थकले, सामने अनिर्णित सुटू लागले, खानपानाच्या वेळा बिघडल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तीन दिवस. अशा हंगामात १६४!

लेटन मैदानावर एसेक्सविरुद्ध १८९९ मध्ये त्याने २८ धावांत ९ घेतले होते. त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध १९२९ मध्ये ३९ धावांत ९. मधे तीस वर्षं.

---

स्कोअरर

पैशाचं बोलू या. त्याशिवाय इतकी वर्षं कोणी का खेळतं हे समजत नाही.

व्यावसायिक खेळाडूला पगार सामन्यागणिक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कशायरमध्ये घरच्या सामन्याला पाच पौंड, बाहेरच्याला सहा, जिंकल्यास एक वर. रेल्वेचं भाडं, जेवण, मुक्काम यातूनच. दुखापत झाली की पैसे बंद. यॉर्कशायरचा कर्णधार लॉर्ड हॉकने दोन सुधारणा आणल्या. हिवाळ्यात आठवड्याला दोन पौंड, आणि चांगल्या कामगिरीला 'मार्क', प्रत्येक मार्काचे पाच शिलिंग. मार्क हॉक स्वतः द्यायचा. अर्धशतकाला मिळेलच असं नाही, संघ अडचणीत असताना काढलेल्या वीस धावांना मिळे.

मोठी रक्कम एकदाच : बेनिफिट सामना. काउंटी एक सामना खेळाडूच्या नावे देई, तिकिटांचं उत्पन्न त्याचं. पण त्या सामन्याचा खर्चही त्याचाच. फाटकावरचे लोक, पोलीस, छपाई, सगळं. तीन दिवस पाऊस पडला तर माणूस कर्जात. म्हणून सगळ्यांचा डोळा ऑगस्टच्या बँक हॉलिडेला लँकेशायरविरुद्ध होणाऱ्या सामन्यावर. हर्स्टला १९०४ मध्ये ३,७०३ पौंड मिळाले, त्या काळचा विक्रम. वर यॉर्कशायरचा नियम असा की बेनिफिटचे दोन तृतीयांश काउंटीच गुंतवून ठेवणार, खेळाडूच्या हातात एक तृतीयांश. हेतू चांगला असेल, पण ज्याला दुकान टाकायचंय त्याला हे जाचक.

या पैशावर कर लागतो का, हे केंटच्या जेम्स सिमूरच्या खटल्यात ठरलं. १९२० च्या सामन्यातून त्याला ९३९ पौंड १६ शिलिंग मिळाले होते. प्राप्तिकर खात्याने ते उत्पन्न धरलं. १९२७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की ही लोकांनी दिलेली भेट आहे, पगार नाही, म्हणून कर नाही. मेख अशी की करारात बेनिफिटचा हक्क लिहिला असेल तर ती भेट उरत नाही. म्हणून काउंट्या करारात तसं कधी लिहीत नसत. म्हणजे खेळाडूने दहा-बारा वर्षं समितीची मर्जी सांभाळायची. इंग्लिश काउंटीतला 'दीर्घ सेवा' हा शब्द असा अक्षरशः घ्यायचा.

---

लेगबाय

आणि कर्णधारपद नाही! १९२० च्या दशकात मैदानावर क्षेत्ररक्षण कुठे लावायचं, गोलंदाज कधी बदलायचा हे बरंचसं ऱ्होड्स ठरवायचा असं सगळे सांगतात, पण नाणेफेकीला हौशी कर्णधारच जायचा. १९२७ च्या अखेरीस समितीने व्यावसायिक खेळाडूला विचारलं, तेही सटक्लिफला. ऱ्होड्स ज्येष्ठ असून त्याला वगळलं. सटक्लिफने नकार दिला आणि पुन्हा हौशी कर्णधार आला.

---

कट्ट्यावरचा

मुंबई-पुण्याशी काही संबंध?

---

फिरकीप्रेमी

आहे की. १९२१-२२ च्या हिवाळ्यात पतियाळाच्या महाराजांच्या बोलावण्यावरून ऱ्होड्स आणि हर्स्ट हिंदुस्थानात आले आणि मुंबईच्या क्वाड्रँग्युलर (चौरंगी) स्पर्धेत युरोपियन संघाकडून खेळले. ऱ्होड्स नंतरही बरेच हिवाळे पतियाळाला येत राहिला. हिवाळ्यात आठवड्याला दोन पौंडांऐवजी संस्थानी पैसा, हा हिशेब स्कोअरर यांच्या प्रतिसादाशी जुळवून बघा. धोकाही होता. यॉर्कशायरचाच डावखुरा रॉय किल्नर हिंदुस्थानातून परतताना विषमज्वराने आजारी पडला आणि एप्रिल १९२८ मध्ये गेला.

दुसरा धागा पाळवणकर बाळू यांचा. ऱ्होड्सहून थोडे मोठे, तेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि त्यांना 'हिंदुस्थानचा ऱ्होड्स' म्हणत. पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडणं, जाळी लावणं आणि साहेबांना गोलंदाजी करणं हे त्यांचं काम. फलंदाजीचा सराव त्यांच्या वाट्याला नव्हता, बॅट साहेबांची. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी. ऱ्होड्सला किर्कहीटनमधून वर चढायला काउंटी नावाची शिडी होती. बाळूंना वर्षातून चार मोठे सामनेही धड मिळत नव्हते.

---

आकडेमोड

याच अंगाने मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर बघा. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. सामन्यामागे ४.७५. ऱ्होड्सचे सामन्यामागे ३.७९. म्हणजे दर सामन्याला शिवलकर पुढे! फरक सामन्यांच्या संख्येचा. रणजी स्पर्धेत हंगामाला पाच-सात सामने, काउंटीत तीस. अर्थात ऱ्होड्सच्या मधल्या वर्षांत गोलंदाजी कमी होती आणि दुसऱ्या टोकाला यॉर्कशायरचे हर्स्ट आणि हेग वाटा घ्यायला बसलेले होते, हेही धरा. शिवलकरांना कसोटी मिळालीच नाही, ते दुखणं वेगळं.

---

हुकलेला झेल

सचिन राहिला! यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यालाच खेळवायचं हा त्यांचा हट्ट १९९२ पर्यंत होता. तो मोडून मैदानात उतरलेला पहिला परदेशी खेळाडू वांद्र्याचा. १६ सामन्यांत १,०७० धावा.

त्या हट्टामुळेच पीट, पील, ऱ्होड्स, व्हेरिटी, वॉर्डल अशी डावखुऱ्यांची सलग ओळ त्याच मातीतून आली. हेडली व्हेरिटीचं पदार्पण १९३० चं, म्हणजे ऱ्होड्सच्या शेवटच्या हंगामात.

---

मिडऑफ

५२ व्या वर्षीच्या कसोटीबद्दल एक टाचणी लावतो. १९२९-३० च्या हिवाळ्यात इंग्लंडने एकाच वेळी दोन संघ पाठवले होते, एक न्यूझीलंडला आणि एक वेस्ट इंडीजला. त्यामुळे ती काही पहिल्या फळीची निवड नव्हती.

---

आकडेमोड

टाचणी बरोबर. किंग्स्टनला त्याने १७ धावांत १ आणि २२ धावांत १ घेतला, दोन्ही डावांत निम्म्याहून जास्त षटकं निर्धाव. सँडहॅमच्या ३२५ धावांचा हाच सामना. नऊ दिवसांनंतर इंग्लंडची बोट सुटायची म्हणून अनिर्णित.

पण १९२६ चं ओव्हल घ्या, ती पहिल्या फळीचीच निवड होती. तो तेव्हा ४८ वर्षांचा आणि हॉब्सबरोबर निवड समितीवर घेतलेला. पाच वर्षांनी कसोटीत परतला. ऑस्ट्रेलियासमोर ४१५, पावसानंतर बिघडलेली खेळपट्टी, सर्वबाद १२५. ऱ्होड्स : २० षटकं, ९ निर्धाव, ४४ धावा, ४ बळी. १९१२ नंतर पहिल्यांदा ॲशेस इंग्लंडकडे आल्या.

---

लेगबाय

शेवटचा मोठा सामना १९३० चा स्कारबरो, ऑस्ट्रेलियन्सविरुद्ध. ऱ्होड्सने ९५ धावांत ५ घेतले. ब्रॅडमनचा झेल त्याच्या गोलंदाजीवर सुटला, ब्रॅडमन ९६. ऱ्होड्सची पहिली कसोटी (१८९९, ट्रेंट ब्रिज) ही डब्ल्यू. जी. ग्रेसची शेवटची. एका टोकाला ग्रेस, दुसऱ्या टोकाला ब्रॅडमन.

नंतर हॅरो शाळेत प्रशिक्षक. काचबिंदूने नजर गेली, १९५२ पर्यंत पूर्ण आंधळा. तरी सामन्यांना यायचा आणि बॅटच्या आवाजावरून फटका ओळखायचा. ८ जुलै १९७३ ला गेला, वय ९५.

---

कट्ट्यावरचा

काही ठिकाणी ४,१८७ बळी लिहिलेत. खरे कोणते?

---

आकडेमोड

दोन्ही छापलेले सापडतील. विस्डेन या क्रिकेट वार्षिकाचा जुना आकडा ४,१८७. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी कोणते सामने प्रथम श्रेणीचे धरायचे याची यादी नव्याने केली आणि ४,२०४ आला. धावाही तशाच, ३९,८०२ की ३९,९६९. हॉब्सच्या १९७ आणि १९९ शतकांचं भांडण याच जातीचं. त्यातली दोन शतकं विझियानगरमच्या राजकुमाराच्या संघाकडून हिंदुस्थान-सिलोनच्या दौऱ्यात काढलेली. तेव्हा सरासरी काढताना बळी एका यादीतले आणि धावा दुसऱ्या यादीतल्या घेऊ नका, गणित जमत नाही.

---

फिरकीप्रेमी

शीर्षकात ४,२०४ ठेवतो, वरचे सगळे हिशेब त्याच यादीचे आहेत. पुढचा धागा डेरेक शॅकलटनवर काढायचा विचार आहे. हॅम्पशायर, सलग २० हंगाम शंभर बळी. रोलर, साउदॅम्प्टन आणि पोर्टस्मथच्या खेळपट्ट्यांवर तुम्ही लिहाल का?